उष्णता, ओल आणि डाख



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनी आम्हांला वाफेचा दाब शिकविला तो प्रेशर कुकरच्या शिटीवरून. तो धडा मी परीक्षेपुरता लक्षात ठेवला. त्याची किंमत मला पुढे याच इंदूर शहरातील एका लहानशा कारखान्यात मोजावी लागली.

कासार डाख देतो तेव्हा एका वेळी एकच सांधा तापवितो. सर्किट बोर्डावर असे शेकडो सांधे असतात. म्हणून डाखाचा लेप छापून, त्यावर सुटे भाग मांडून सबंध बोर्ड लांब भट्टीतून नेतात. यास रिफ्लो म्हणतात. कथील-शिशाचा जुना डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळे. शिसे विषारी, म्हणून युरोपात २००६ पासून त्यावर निर्बंध आले आणि कथील, चांदी व तांबे यांचा डाख रूढ झाला. तो सुमारे २१७ अंशांना वितळू लागतो. भट्टी २४० अंशांच्या आसपास न्यावी लागते. तापमान चढवायचे तेही सेकंदाला एक ते तीन अंश, मध्ये थोडा विसावा देऊन, म्हणजे जाड भाग बारीक भागांच्या मागे राहत नाहीत. हे सारे आलेखावर दिसते. ओल मात्र दिसत नाही.

आयसीचे काळे प्लास्टिकचे कवच हवेतील बाष्प हळूहळू शोषते. भट्टीत त्याची वाफ होते. कोंडलेल्या संपृक्त वाफेचा दाब १८३ अंशांना वातावरणाच्या सुमारे साडेदहा पट, तर २४० अंशांना तेहतीस पट असतो. तापमान वाढले ५७ अंशांनी, दाब मात्र तिप्पट! मक्याची लाही फुटावी तसे कवच आतून तडकते; या धंद्यात त्याला ‘पॉपकॉर्न’च म्हणतात.

आपल्या माळव्यात वैशाखातली दुपार इतकी कोरडी की स्थिर विद्युतेची धास्ती; आणि आषाढात डब्यातले पापडसुद्धा सादळतात. अशाच एका आषाढात केवळ मोजणीसाठी मी आयसींची हवाबंद पिशवी उघडली. त्या भागांना उघड्यावर १६८ तासांची मुभा होती, तीही ३० अंश व ६० टक्के आर्द्रतेच्या आत. ते फडताळात अकरा दिवस राहिले. आतल्या दर्शक-कार्डावरचे निळे ठिपके गुलाबी झाले असणार. ते कार्ड मी केव्हाच फेकून दिले होते.

बोर्ड तपासणीत उत्तीर्ण झाले. दोन महिन्यांनी रुग्णालयांतील उपकरणांतून ते एकेक परत येऊ लागले. मी भट्टी चालविणाऱ्या मुलाला बोल लावला. त्याने निमूटपणे नोंदवही पुढे केली. आलेख निर्दोष होता. तरी माझे समाधान झाले नाही. पुढल्या महिन्यात तो काम सोडून गेला. नंतर एका आयसीचा छेद घेतला, तेव्हा कवचातली चीर आणि तुटलेली केसासारखी तार दिसली.

उपाय अवघड नव्हता. असे भाग १२५ अंशांवर शेकून सुकविता येतात. प्लास्टिकच्या रिळावर असतील तर तेवढा ताप चालत नाही, ४० अंशांच्या अतिकोरड्या हवेत कित्येक दिवस ठेवावे लागतात. आम्ही कोरडे कपाट घेतले. पिशवी उघडल्याची तारीख व वेळ आता मी स्वतः लिहितो आणि खाली सही करतो.

त्या मुलाच्या घरी मी गेलो होतो. चूक माझी होती, हे त्याच्या वडिलांदेखत सांगितले. त्याने चहा दिला. परत यायला मात्र नकार दिला.