डबाबंद न होणारं कोल्हापूर

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यानाचे शब्दांकन)



तुमच्या कार्यकारिणीनं फोनवर विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, "मित्रांबरोबरचा गाडीचा प्रवास; त्यातलं खाणं, पिणं आणि गाणं." पलीकडून जरा वेळानं आवाज आला, "पिणं म्हणजे सरबत वगैरे ना?" म्हटलं, सुरुवात बिअरनं आहे, पण कार्यक्रमाला मुलं असणार, तेव्हा शेवट दुधापर्यंत आणून सोडतो. तो शब्द आज पाळणार आहे.

आम्ही कॉलेजातले जुने मित्र. एक डॉक्टर, एक फाउंड्रीवाला, एक तुमच्यासारखाच अमेरिकेतून सुट्टीवर आलेला आणि मी, जन्मानं कोल्हापूरकर. पुण्याहून निघायचं, कोल्हापुरात मुक्काम ठोकायचा आणि परतताना मिरज करायचं, एवढाच बेत. अमेरिकावाल्याला एक खोड आहे. जे आवडेल त्याच्याबद्दल त्याचा प्रश्न ठरलेला, "हे पॅक करून मिळेल का?" मसाले, चपला, गूळ, सगळं मिळालं. जिथं जिथं "नाही" असं उत्तर आलं, नेमक्या त्याच गोष्टी आम्हा सगळ्यांच्या आवडीच्या निघाल्या. आजचं बोलणं त्यांच्याबद्दल.

बिअर पुण्यातच उरकली, निघायच्या आदल्या संध्याकाळी, गाडी घरी ठेवून. डॉक्टर मित्राची ही अट होती आणि ती बरोबर होती. तुमच्याकडे बहुतेक राज्यांत शंभर मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोलपर्यंत चालतं. भारतात ही मर्यादा ३० आहे. म्हणजे गाडी चालवणाऱ्यानं हात लावूच नये. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक पुण्यातली, २००९ साली सुरू झालेली डूलाली, हे कितीतरी पुणेकरांनाही माहीत नसतं. एरवी पाट्या लावायला हे शहर मागे नसतं. तिच्यामागून बऱ्याच आल्या, आणि आज पुण्यात बसल्या जागी समोरच्या टाकीतली बिअर मिळते. आम्ही गव्हाची मागवली. गढूळ, वर जाड फेस, आणि पहिल्या घोटाला केळं आणि लवंग असा वास. आत केळंही नसतं आणि लवंगही. ही सगळी त्या जातीच्या यीस्टची करामत. ही बिअर गाळलेली नसते आणि पाश्चराइझही केलेली नसते, म्हणून ती टाकीपासून लांब फार दिवस राहत नाही. अमेरिकावाल्यानं विचारलंच. वेटर म्हणाला, "सर, इथंच प्या." पहिलं "नाही" ते हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. हा रस्ता आमच्या लहानपणी चार नंबरचा हायवे होता, आता त्याला ४८ म्हणतात. खंबाटकी, सातारा, कराड. कराड ओलांडलं की ढाब्यांवर "अख्खा मसूर"च्या पाट्या सुरू होतात. सालासकट शिजलेला मसूर, वर लालभडक तर्री, सोबत रोटी आणि फोडलेला कांदा. बाकी महाराष्ट्रात मसुराची आमटी म्हणजे घरचं साधं जेवण. इथं तिच्यासाठी ट्रकवाले गाडी बाजूला घेतात.

कोल्हापुरात पहिली सकाळ मिसळीची. शिवाजी उद्यमनगरात फडतऱ्यांकडे गेलो. आजूबाजूला लेथ आणि ओतकामाचे कारखाने. इथली मिसळ पहिल्यापासून कामावर जाणाऱ्या माणसाची न्याहारी, फोटो काढायची वस्तू नव्हे. मटकी, फरसाण, कांदा, वरून कट आणि सोबत ब्रेडचे स्लाइस. फाउंड्रीवाला मित्र खाली मान घालून खात होता. मध्ये एकदाच डोकं वर काढून म्हणाला, "भावा, कट माग की आणि." कट मागायला संकोच करणारा माणूस पाहुणा, हे कोल्हापुरात लगेच ओळखू येतं.

पण खरी गोष्ट दुपारच्या जेवणाची. बाहेरगावी "कोल्हापुरी" म्हणजे जाळ, असा एक समज हॉटेलांनी पसरवला आहे. तुमच्याकडच्या मेनूकार्डांवरही पुढं तीन मिरच्या काढलेल्या असतात. कोल्हापुरातल्या ताटात मात्र तांबडा रस्सा एकटा कधीच येत नाही, शेजारी पांढरा असतो. आम्ही जिथं जेवलो तिथल्या मावशींनी मला चुलीपाशी उभं राहू दिलं. आधी मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजतं. त्या पाण्याला आळणी म्हणायचं. हीच आळणी मग दोन पातेल्यांत वाटली जाते. एकात भाजलेलं सुकं खोबरं, तीळ आणि घरची कांदा-लसणाची चटणी पडली की झाला तांबडा. ही चटणी उन्हाळ्यात डंकावर वर्षाची करून ठेवायची. दुसऱ्या पातेल्यात तुपावर दालचिनी, लवंग, वेलदोडा तडतडतो, काजू-खसखशीचं वाटण पडतं आणि शेवटी नारळाचं दूध. इथं मावशींनी विस्तव ओढून घेतला आणि म्हणाल्या, "आता हिला उकळी आली की फुटली म्हणून समजा. नजर हलवायची न्हाई." त्या खरंच दुसरीकडे बघेनात. पळीनं सावकाश ढवळत राहिल्या, कडेला बारीक बुडबुडा धरला तेवढ्यात पातेलं खाली.

हा पांढरा डब्यात भरून नेला आणि घरी गरम केला, तर दूध आणि पाणी वेगळं झालेलं मिळतं. अमेरिकावाल्याच्या प्रश्नाला मावशींनी उत्तरसुद्धा दिलं नाही, त्याची वाटी पुन्हा भरली. घरी करणार असाल तर एक सांगून ठेवतो. आखातात आणि सिंगापुरात खसखस नेता येत नाही, बंदी आहे. तिथल्या नातेवाइकांना पाठवू नका. काजू आणि पांढऱ्या तिळावर भागतं.

आता जेवणाबरोबर बिअर का नाही, असं तुम्ही विचाराल. परमिट रूम कोल्हापुरात हव्या तेवढ्या आहेत. पण डॉक्टर मित्रानं ताटावरच व्याख्यान दिलं. मिरचीतला तिखट घटक पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतो. बिअर बहुतेक पाणीच. तिच्यातलं पाचेक टक्के अल्कोहोल त्याला पुरं पडत नाही, आणि बुडबुडे जळत्या जिभेला उलट टोचतात. नारळाच्या दुधातली चरबी मात्र तिखट धरून नेते. म्हणजे तांबड्यावर उतारा म्हणून पांढरा शेजारी ठेवणाऱ्या बायकांनी हे रसायन कधीच जिभेनं सोडवलेलं होतं.

दुधात तर चरबीबरोबर केसीन नावाचं प्रथिनही असतं, आणि ते तिखटाला जिभेवरून सोडवून नेतं. म्हणून संध्याकाळी गंगावेशीत गेलो. तिथल्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून बांधतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढतात. मोठा ग्लास थेट कासेखाली. दूध कोमट असतं आणि वर फेस असा की ग्लास खाली ठेवेपर्यंत मिशी पांढरी होते. हा तालमींचा परिसर, गंगावेस तालीम हाकेच्या अंतरावर. पोरं हौदातल्या लाल मातीतनं उठून इकडं येतात. शेजारी उभा असलेला एक पैलवान दोन ग्लास संपवून अमेरिकावाल्याला म्हणाला, "पाव्हणं, बसून प्या की निवांत." पाव्हण्यानं पॅकिंगचा विषय काढला नाही. दोन दिवसांत त्याच्यात बरीच सुधारणा झाली होती.

आता गाणं. कोल्हापुरात कुस्ती आणि गाणं वेगळं काढता येत नाही, कारण शाहू महाराजांनी ते शेजारी शेजारीच बसवलं आहे. १९०२ साली ते युरोपात गेले, रोममधलं प्राचीन मैदान बघून आले आणि १९१२ मध्ये खासबागेत कुस्तीचं मैदान उभं केलं. त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर बांधलं, तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. २०२४ च्या ८ ऑगस्टच्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले, त्यात कधी नाटकाला न गेलेले लोकही होते.

आमच्या प्रवासातलं पहिलं गाणं मात्र बंद सभागृहातलं नव्हतं. शहराबाहेरच्या एका गावात जत्रेचं मैदान होतं, तिथली हलगी. कुस्त्या सुरू व्हायच्या आधी हलगीवाल्यांनी कडेला कागद आणि पाचट पेटवलं आणि हलगीचं तोंड त्या जाळावर धरलं. चामडं तापल्याशिवाय बोलत नाही. एक जण बोटानं टिचकी मारून ऐकायचा, मान हलवायचा, पुन्हा जाळावर. तिसऱ्या-चौथ्या वेळेला तो नेमका कडक आवाज निघाला आणि त्यानं एक जाड, एक बारीक अशा काड्या उचलल्या. शेजारी घुमकं सुरू झालं. हल्ली फायबरचं पान लावलेल्या हलग्याही मिळतात, त्यांना शेक लागत नाही, पण म्हातारा हलगीवाला म्हणाला, "ती वाजती, बोलत न्हाई." जोडी सलामीला आली की ठेका सावकाश, पकड बसली की दुप्पट, आणि पाठ लागायच्या क्षणी सगळं मैदान त्या काडीवर उभं. हा माणूस कुस्ती बघून वाजवतो आणि पैलवान त्याचं ऐकून लढतो. याची चित्रफीत बघाल तर आवाज ऐकू येईल, पण छातीत धडधडणार नाही.

दुसरं गाणं मंगळवार पेठेतल्या एका घरातलं. माजघरात सतरंजी, वीस-पंचवीस माणसं, माइक नाही. जयपूर घराण्याची गायकी. कोल्हापूरला ही गायकी मिळाली ती उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांमुळे. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी ठेवलं. तरुणपणी खाँसाहेबांचा आवाज बिघडला तेव्हा त्यांनी त्या आवाजाला झेपेल अशी नवी वाट शोधली आणि तिचंच पुढं घराणं झालं. त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ याच गावात शिकवत राहिले, आणि धारवाडकडचे मल्लिकार्जुन मन्सूर त्यांचे शिष्य. इथं गाणं ऐकायची सवयही जुनी. गायन समाज देवल क्लब १८८३ पासूनचा. त्या रात्री बैठक संपत आली होती. पुढे बसलेले एक आजोबा म्हणाले, "संपूर्ण मालकंस होऊ द्या." गाणाऱ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, तंबोरा पुन्हा लावून घेतला आणि पुढचा पाऊण तास कुणी उठलं नाही. आजोबांनी मागितलं नसतं तर तो राग त्या रात्री झालाच नसता.

पॅकिंगचंच म्हणाल तर मराठी मुलखातलं सगळ्यात लांब गेलेलं पार्सल याच घराण्याचं आहे. १९७७ साली निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. खुद्द केसरबाईंना ध्वनिमुद्रणाचं फारसं प्रेम नव्हतं. त्यांना समोर माणसं लागायची.

परतताना मिरजेत तंबोरे बनतात ते बघितलं. शिकलगार मंडळी मूळची शस्त्रांची कारागीर, एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली. पंढरपूरकडचे भोपळे, तुणाचं लाकूड. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. इथं अमेरिकावाल्यानं अखेर काहीतरी पॅक करून घेतलं. तंबोरा. कारागीर मात्र त्याला बजावून सांगत होता की तारांचा नाद साधणारी जवारी तिकडच्या हवेत उतरणार, ती पुन्हा लावायला माणूस लागेल.

हा माणूस म्हणजेच सगळा मुद्दा आहे, मंडळी. चटणी, तंबोरा, ध्वनिमुद्रण हे सगळं विमानात बसतं. पातेल्यावरची नजर, जाळावरची हलगी आणि "होऊ द्या" म्हणणारे आजोबा बसत नाहीत. तेव्हा मंडळाला माझ्या तीन सूचना. वर्षातून एक तरी कार्यक्रम सभागृह न घेता कुणाच्या घरी करा, चाळीस माणसं, माइक बंद, आणि गायला तुमच्याच गावातल्या गुरूंना किंवा त्यांच्या शिष्यांना मानानं, मानधन देऊन बोलवा. गणपतीचं जेवण बाहेरून डब्यांतून मागवण्याऐवजी एकदा पातेलं चढवून बघा. आणि गावी याल तेव्हा मॉलच्या आधी एखाद्या जत्रेच्या मैदानावर जा, हलगीवाल्याच्या हातात नोट ठेवा. त्याचं पोट त्यावर आहे.

कोल्हापूरला यायचंच असेल तर ड्रायव्हर घेऊन या आणि साडेबाराच्या आत ताटावर बसा. दोन वाजता तांबडा मिळतो, पांढरा संपलेला असतो.