पाहुणा शिवारात आला, भाव कोणी सांगायचा?

(शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत दौंडकडच्या एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला विचारले होते, "साहेब, उसाचे बिल कधी येईल ते कारखान्याला ठाऊक, कांद्याचे काय होईल ते दिल्लीला ठाऊक. मग हे सगळे सोडून आम्ही शेतात झोके बांधावेत का? पुण्याची माणसे येतात म्हणे, पैसे देऊन भाकरी खातात." काही जण हसले. आम्ही हसलो नाही. प्रश्न हसण्यासारखा नव्हता आणि आमच्याकडे उत्तरही नव्हते. म्हणून आम्ही ठरवले, आधी बघून येऊ.

जानेवारीतल्या एका रविवारी दोन्ही तालुक्यांचे आम्ही दहा-बारा जण मोराची चिंचोली बघायला गेलो. बिल्ले खिशात ठेवले आणि बाकीच्यांसारखे पैसे भरून आत गेलो. आपल्याच तालुक्यात आपण प्रवासी म्हणून गेलो. शिवारात नेहमी आपण यजमान असतो किंवा मजूर असतो. पाहुणा म्हणून बांधावर बसायची वेळ आपल्यापैकी किती जणांवर आली असेल?

चिंचोली आपल्या शिरूर तालुक्यातली, शिक्रापूर सोडून आत गेले की लागते. पुण्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. हा भाग जिरायती. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई या बाजूची पाण्याची मागणी आपल्या किती तरी सभांतून मांडली गेली आहे. गावात जुनी चिंचेची झाडे आणि त्यांच्या आसऱ्याने राहिलेले मोर. १९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला, १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. पण कायदा पुस्तकात असतो आणि मोर पिकात असतो. पेरलेले दाणे तो उकरतो, कोवळी कणसे खातो. इथल्या माणसांनी ते सोसले, हाकलले पण मारले नाही. ज्या पाखराने पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे दाणे खाल्ले, त्याच पाखराने आज त्यांच्या दारात गिऱ्हाईक आणून उभे केले. सरकारी योजनेतून हे झालेले नाही.

पहाटे मोर ओरडले. उन्हे वर आली तशा गाड्या लागल्या. बैलगाडीची फेरी झाली, आगटीत गोवऱ्या फुलल्या, हुरडा भाजला, चटणी आणि गूळ आला, दुपारी पिठले-भाकरी. आमच्या शेजारच्या बाजेवर पुण्याचे एक कुटुंब होते. माणसे चांगली, बोलकी. त्यातल्या बाई भाकरी थापणाऱ्या मावशींना म्हणाल्या, "किती शांत आयुष्य आहे हो तुमचं." मावशींनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "ज्या आठवड्यात रात्रीची लाईट नसते, त्या आठवड्यात शांत असतं."

त्या बाईंना ते कळले नाही. तुम्हाला कळले. रात्री दोन वाजता मोटार चालू करायला उसाच्या कडेने जाणे म्हणजे काय, हे शिरूरकरांना सांगायला नको. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याने तीन जीव घेतले, त्यात दोन लेकरे होती. शहरातल्या माणसाला बिबट्या हा फोटो काढायचा प्राणी वाटतो.

आता हिशोब. आम्ही शेतकीची पदवी घेतली तेव्हा कॉलेजात आम्हाला एकरी उत्पादन कसे वाढवायचे ते शिकवले. ते विकायचे कसे हे कोणी शिकवले नाही. ते आम्ही तुमच्यात येऊन शिकलो.

रब्बी मालदांडीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरा. झाले १४,९९६ रुपये. कडबा वेगळा, आणि हमीभाव खरोखर हातात पडला तर. आता समजा, तुमच्याकडे एका रविवारी तीस माणसे आली आणि माणशी ५०० रुपये घेतले. झाले १५,०००. म्हणजे एक एकर ज्वारी एका पारड्यात आणि एक रविवार दुसऱ्या पारड्यात. त्या तीस माणसांनी हुरडा खाल्ला किती? सात-आठ किलो. हमीभावाने मोजला तर त्याचे होतात तीनशे रुपये.

पण अर्धा हिशोब सांगून टाळ्या घेणारे पुढारी वेगळे. त्या १५,००० मधून जेवणाचे सामान, सरपण, बैलगाडीवाला, भांडी घासणारी बाई, झाडलोट आणि पाहुण्यांसाठी बांधलेल्या संडास-बाथरूमच्या कर्जाचा हप्ता वजा करा. निम्मे जातील. हंगामही मोजका. हुरड्याचे दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी, आठ-दहा रविवार. त्यातही एका वाफ्याचा हुरडा चार-आठ दिवसच कोवळा राहतो, नंतर दाणा टणक होतो. म्हणून फुले उत्तरा किंवा फुले मधुरसारखा हुरड्याचा वाण घ्यावा आणि आठ-आठ दिवसांच्या अंतराने तुकड्या-तुकड्याने पेरावा, तर हंगाम लांबतो. हे ज्यांना करायचे आहे त्यांच्यासाठी सांगितले.

हुरड्यातले नफ्या-तोट्याचे गणित सोडा. त्या दिवशी आम्हाला जे खरे दिसले ते वेगळेच होते. त्या शिवारात भाव शेतकऱ्याने सांगितला. आडत्याने रुमालाखाली बोटे दाबली नाहीत. तोलाई-हमाली कापली नाही. "आज आवक जास्त आहे" असे कोणी म्हणाले नाही. मालकाने आकडा सांगितला, पाहुण्याने पाकीट काढले. शेतकरी अडाणी आहे, त्याला बाजार कळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी एक रविवार तिथे जाऊन बसावे. शेतकऱ्याच्या हातात भाव दिला की तो जेवणापासून झोपण्यापर्यंत सगळी व्यवस्था उभी करतो आणि गिऱ्हाईकही खूश होऊन जाते.

आणि आता दुसरी बाजू. तोच पाहुणा संध्याकाळी घरी जातो. सोमवारी तो कांदा घ्यायला निघतो तेव्हा तो पाहुणा नसतो, ग्राहक असतो, आणि त्याच्या नावाने दिल्ली निर्णय घेते. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ ला बंदी उठवली, तीही टनाला ५५० डॉलर किमान किंमत आणि ४० टक्के शुल्काची पाचर मारून. शुल्क पुरते गेले ते १ एप्रिल २०२५ ला. दीड वर्षाहून जास्त काळ आपल्या चाळीतला कांदा दिल्लीच्या कुलपात होता. ताटातल्या पिठल्याला पाचशे रुपये आनंदाने देणारा माणूस वाईट नाही. पण ताटाशेजारच्या कांद्याचा भाव कोणी पाडला, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. इंडिया भारताच्या अंगणात येऊन जेवून गेली आणि दोघांचे या विषयावर बोलणेच झाले नाही.

असे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. कॅरिबियन समुद्रातल्या क्युबा देशात विन्यालेस नावाचे खोरे आहे. आम्ही तिथे गेलेलो नाही, पण त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. लाल माती, मध्येच उभे चुनखडीचे डोंगर, तंबाखूची शेते. १९९९ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतले. जगभरचे प्रवासी घोड्यावर बसून शेते बघतात, शेतकऱ्यांच्या घरी उतरतात. शेतकरी पाने वाळवायच्या झोपडीत बसून चिरूट वळून दाखवतो. आणि मग सांगतो की पिकातला ९० टक्के तंबाखू सरकारला द्यायचा, सरकार ठरवेल त्या भावाने. उरलेल्या दहा टक्क्यांतले चिरूट तो पाहुण्याला विकतो.

म्हणजे काय? ही लेव्हीच आहे! लेव्हीची साखर, लेव्हीचे धान्य ज्यांनी भोगले त्यांना वेगळे समजावायला नको. त्या शेतकऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते ती पाहुण्याच्या दहा टक्क्यांत. पाहुणा फोटो काढतो तो बैलांच्या नांगराचा. त्याला वाटते, किती निसर्गाला धरून आहेत ही माणसे. १९९१ साली सोव्हिएत युनियन कोसळले, क्युबाला येणारे डिझेल आणि खत आटले, ट्रॅक्टर उभे राहिले, तेव्हा तिथे बैलांचे दिवस पुन्हा आले. त्यात हौस नव्हती. एवढ्या चांगल्या जमिनीचा तो देश आजही आपल्या खाण्यातले पुष्कळसे बाहेरून आणतो. आपल्याकडे जे लोक शेतकऱ्याने बैल सोडू नयेत, बियाणे जुनेच वापरावे, असे उपदेश करतात, त्यांना हे खोरे दाखवले पाहिजे. पाहुण्याच्या डोळ्याला बरे दिसावे म्हणून शेतकऱ्याने मागास राहायचे, हा सौदा आपल्याला मान्य नाही. बैलगाडीची फेरी जरूर द्या. पण नांगरटीला ट्रॅक्टर लागतो आणि तो घेण्याइतका भाव मालाला मिळाला पाहिजे, हेही सांगा.

आता दौंडकरांसाठी. तुमच्याकडे मोर नाहीत म्हणून खट्टू होऊ नका. मुळा-मुठा आणि भीमेच्या मधले राहू बेट आहे, ऊस आहे, गुऱ्हाळे आहेत. काहिलीत रस उकळताना बघायला, गरम काकवी चाखायला शहरातले लेकरू आनंदाने येईल. पण नदीकाठी नेलेत तर तो नाकाला रुमाल लावील. तेव्हा त्याला नम्रपणे सांगा, "दादा, हे तुमच्याकडूनच आलेले आहे." खडकवासल्याचे स्वच्छ पाणी शहर पिते आणि वापरलेले नदीतून आपल्याकडे येते, त्यावर जलपर्णी माजते. पुण्याचा पाहुणा आपल्या शिवारात यायच्या आधी त्याचे सांडपाणी येऊन पोचलेले असते. हे त्याला काठावर उभे करून दाखवले, तर दहा निवेदनांचे काम एका फेरीत होईल.

मग झोके बांधायचे की नाही? ज्याला जमेल त्याने बांधावेत. बारामतीकडे २००५ पासून हे काम उभे राहिले, राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण काढले. नोंदणी करा, पण अनुदानाची वाट बघत बसू नका. मात्र सगळ्या गावाने झोके बांधले तर झोक्यावर बसायला कोण येणार? दहा घरांचे भागेल, शंभरांचे नाही. उरलेल्या नव्वद घरांना ज्वारीचा, कांद्याचा, दुधाचा, उसाचा भावच लागतो. पर्यटन हा जोडधंदा आहे. रास्त भावाच्या मागणीला तो पर्याय नाही. तसे कोणी सांगू लागला तर तो तुम्हाला प्रश्नापासून दूर नेतो आहे असे समजा.

जे करतील त्यांच्यासाठी चार गोष्टी.

पहिली. भाकरी तिने थापायची आणि पैसे त्याने मोजायचे, हे चालणार नाही. १९८६ साली चांदवडला बायाबापड्या लाखांनी जमल्या, पुढे लक्ष्मीमुक्तीत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनी केल्या. त्या चळवळीच्या घरात पाहुण्यांच्या पैशाचे खाते घरच्या लक्ष्मीच्या नावाने असले पाहिजे.

दुसरी. जिथे पाहुणा जेवतो तिथे एक फळा लावा. त्यावर कांद्याचा, ज्वारीचा, दुधाचा उत्पादन खर्च लिहा आणि शेजारी मिळालेला भाव लिहा. भाषण करू नका. जेवता जेवता तो वाचील.

तिसरी. तुमचा माल तिथेच विका. दर पाटीवर लिहा आणि घासाघीस करू नका.

चौथी, सर्वांत महत्त्वाची. निघताना हमखास एक जण विचारतो, "इथे दहा-वीस गुंठे मिळतील का?" आम्ही होतो त्याही दिवशी विचारले. रांजणगावची एमआयडीसी आल्यापासून शिरूरकरांनी जमिनीचे आकडे बघितले आहेत आणि ते पैसे कुठे गेले तेही बघितले आहे. कोणी जमीन विकू नये असे आम्ही म्हणत नाही. मालकाचा तो हक्क आहे, आणि शेती तोट्यात असेल तर त्याने सुटायचेच बघावे. पण पाहुण्याच्या कौतुकाला भुलून विकू नका. आज शेतात तुम्ही यजमान आहात. उद्या त्याच शेतावर कुंपण पडेल आणि तुम्ही वॉचमन म्हणून फाटक उघडाल.

परत येताना त्या तरुण कार्यकर्त्याला आम्ही विचारले, काय ठरवले? तो म्हणाला, "झोक्याचे नंतर बघू. आधी फळा करतो. माझ्या कांद्याचा खर्च मी आजवर कधी लिहूनच काढला नाही."

आम्हाला वाटते, फेरी वसूल झाली. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या एका पिकाचा खर्च कागदावर मांडून आणावा. बियाणे, खत, मजुरी, पाणी, आणि घरच्या माणसांची मजुरीसुद्धा, जी आपण नेहमी विसरतो. दुसऱ्याला भाव सांगायचा, तर आधी तो आपल्याला माहीत पाहिजे.