इटलीची यात्रा आणि आपली कनवटी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इटलीस निघालेल्या मंडळींपुढें दिलेलें भाषण)



आपल्यांपैकीं चाळीस जण लवकरच इटलीच्या यात्रेस निघणार आहेत. त्यांस चार अनुभवाच्या गोष्टी सांगाव्या, अशी फादरांची आज्ञा झाली. मी कांहीं पंडित नव्हे. परंतु अशाच एका मंडळीबरोबर मी पूर्वीं तिकडे जाऊन आलों आहें, आणि तेथें माझ्या हातून दोन चुका घडल्या. त्या सांगण्यासाठींच मी मुख्यतः उभा आहें.

रोम, असीसी, फ्लॉरेन्स, पादुआ, व्हेनिस हीं नांवें नुसतीं उच्चारलीं तरी मन हर्षभरित होतें. संत फ्रान्सिस झेवियर यांचें शरीर आपल्या गोव्यास आहे, परंतु त्यांच्या उजव्या हाताचा अवशेष रोममधील जेझू या देवालयांत आहे. आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया यांस संतपद मिळालें तें १८६२ सालीं, रोम येथेंच. अशा नगरांत माणूस मान वर करून चालतो; आणि मान वर झाली कीं खिशाकडे लक्ष राहत नाहीं. खिसेकापूस एवढेंच हवें असतें.

आमच्या मंडळींत एक वृद्ध विधवा भगिनी होत्या. आम्ही सर्व त्यांना मावशी म्हणत असूं. भाजीचे वाफे करून, ती बाजारांत विकून, अनेक वर्षें साठविलेल्या पैशांवर त्या आल्या होत्या. गर्दींत त्यांच्या मागें राहण्याचें काम मजकडे दिलेलें होतें. एके सकाळीं तेर्मिनी स्थानकावर आम्ही व्हॅटिकनकडे जाणाऱ्या भुयारी गाडीची वाट पाहत होतों. गाडी आली. नीटनेटक्या पोशाखाच्या तीन तरुणी आमच्या पुढें मागें होत्या. त्यांतील एक दारांतच थबकली, जणूं कांहीं विसरली आहे. मागची गर्दी मावशींवर लोटली. दुसऱ्या दोघी अगदीं अंगाशीं आल्या. क्षणभरानें तिघीही मागें सरल्या, दार लागलें आणि गाडी सुटली. मावशींच्या खांद्यावरील पिशवी उघडी होती आणि आंतील बटवा नाहींसा झाला होता. त्या क्षणीं मी काय करीत होतों? आदल्या सायंकाळीं काढलेलें छायाचित्र मोबाईलवर पाहत होतों. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक याहून वाईट. आमच्या शेजारीं एक सांवळा, मळक्या कपड्यांतला तरुण पिशवी घेऊन उभा होता. मीं त्याच्याकडे बोट दाखविलें आणि पिशवी उघडण्यास खुणेनें सांगितलें. त्यानें मुकाट्यानें ती उघडली. तींत विकावयाचीं गुलाबाचीं फुलें होतीं. पुढच्या स्थानकावर तो उतरून गेला. क्षमा मागण्याचें भान मला नंतर आलें. चोरी करणाऱ्या सभ्य दिसत होत्या म्हणून त्यांच्याकडे मीं पाहिलें नाहीं, आणि निरपराध माणूस गरीब दिसला म्हणून त्याच्यावर संशय घेतला. बंधुभगिनींनो, चेहऱ्यावर, रंगावर, कपड्यांवर पहारा ठेवूं नका. आपल्या पिशवीवर ठेवा.

चोरी ठराविक क्षणीं होते, हें ध्यानांत घ्या. तो क्षण म्हणजे दाराशीं चढण्याउतरण्याचा. तेर्मिनीहून व्हॅटिकनच्या बाजूस जाणारी ६४ क्रमांकाची बस यासाठीं प्रसिद्धच आहे. व्हेनिसमध्यें कालव्यांतून चालणाऱ्या बोटींत पाय ठेवतांना सर्वांचें लक्ष पाण्याकडे असतें. रोममधील त्रेवीच्या कारंज्यांत नाणें टाकावयाचें तें कारंज्याकडे पाठ करून, खांद्यावरून. तेवढ्यांत पाठीवरची पिशवी उघडते. कारंज्यांतील नाणीं गोळा करून तीं गोरगरिबांच्या साहाय्यार्थ दिलीं जातात, तीं अवश्य टाका. परंतु पिशवी पोटाशीं धरून टाका. कोणी कागदावर सही मागतो, कोणी मनगटाला दोरा बांधूं लागतो, कोणी फ्लॉरेन्सच्या रस्त्यावर चित्रें पसरून आपला पाय त्यांवर पडण्याची वाट पाहतो. थांबूं नका, भांडूं नका. मान हलवून पुढें चला.

आपण चाळीस आहों, म्हणून सुरक्षित आहों, असें कोणी समजूं नये. वाटाड्याचा झेंडा, सारख्या टोप्या, गळ्यांतील पट्टे यांवरून आपण परके आहों हें दुरून कळतें. शिवाय वाटाड्याचें बोलणें ऐकण्याचें यंत्र कानांत असल्यानें मागची चाहूलही लागत नाहीं. समूहाचें बळ संख्येंत नाहीं. तें एकानें दुसऱ्याकडे लक्ष ठेवण्यांत आहे. म्हणून दोघादोघांच्या जोड्या करा. दाराशीं एकानें पुढें जावें, दुसऱ्यानें त्याची पाठ सांभाळावी. आणि ज्याच्याकडे हें काम आहे त्यानें मोबाईल खिशांत ठेवावा. तो खिसाही मागचा नसावा.

आपल्या आजी-पणजी पैसे कनवटीस लावीत. ती रीत आतां पुन्हां उपयोगी पडेल. मावशींनीं पासपोर्ट साडीच्या आंत कंबरेस बांधलेल्या कशांत ठेविला होता. म्हणून तो वांचला. पासपोर्ट, मोठ्या नोटा आणि एक कार्ड कशांत. दिवसभराच्या खर्चापुरते युरो वेगळे. रस्त्यांत कसा सोडूं नये, तें काम सकाळीं खोलींतच उरकावें. पासपोर्टाची एक प्रत सामानांत व एक जोडीदारापाशीं असावी.

इतकें करूनही चोरी झालीच, तर प्रथम बँकेस कळवून कार्ड बंद करा. पोलिसांचा दूरध्वनी ११२. त्यांच्या ठाण्यांत लेखी फिर्याद देऊन तिची प्रत घ्या. पासपोर्ट गेला असल्यास ती घेऊन रोम येथील आपल्या राजदूतावासांत किंवा मिलान येथील वकिलातींत जावें लागतें. तेथें तातडीचा दाखला मिळाला तरी तो स्वदेशीं परत येण्यापुरता असतो. पुढची यात्रा बहुधा तेथेंच संपते. चोराच्या मागें मात्र कोणीं धावूं नये.

मावशींच्या बटव्यांत पैसे होते. ते मंडळींनीं वर्गणी करून भरून दिले. पण त्यांत एक चिठीही होती. गांवांतील ज्या आजारी, दुःखी शेजाऱ्यांसाठीं संत पेत्राच्या महामंदिरांत प्रार्थना करण्याचें त्यांनीं कबूल केलें होतें, त्यांचीं नांवें तिच्यावर होतीं. त्या दिवशीं महामंदिरांत मावशी एकेक नांव आठवीत बसल्या. कांहीं आम्हीं आठवून दिलीं. दोन-तीन नांवें कांहीं केल्या आठवेनात. पैशांसाठीं त्या रडल्या नव्हत्या, तेव्हां रडल्या.

पुढें पादुआस संत आंतोनी यांच्या समाधीपाशीं आम्ही उभे राहिलों. हरवलेल्या वस्तूसाठीं आपण त्यांचा धांवा करतों. त्यांची स्तोत्रांची पोथी एका उमेदवार साधूनें नेली व पश्चात्ताप होऊन परत आणून दिली, अशी आख्यायिका आहे. मावशींची चिठी परत आली नाहीं. मीं तेथें मात्र त्या फुलें विकणाऱ्या तरुणाची मनांतल्या मनांत क्षमा मागितली. ती त्याच्यापर्यंत पोंचली असेल असें मी म्हणत नाहीं.

आतां लवकरच तुमचे शेजारी आपापलीं नांवें तुम्हांस देऊं लागतील. तीं दोन कागदांवर लिहा. एक कागद जोडीदाराजवळ द्या आणि दुसरा कनवटीस लावा. इतकें सांगून, आपल्या प्रवासास सुयश चिंतून, मी आपली रजा घेतों.