क्लब बंद झाला, खेळ नाही

पनवेलहून बोलतोय. आज स्टीव्हन डायसबद्दल.

मुंबईचा पोरगा, उजव्या बाजूचा मिडफिल्डर. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, तेव्हा तो संघात होता. २०१० मध्ये कंपनीनं क्लबच बंद केला. डायस गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे गेला. जानेवारी २०११ मध्ये दोह्याला आशिया कप, भारतीय संघात डायस आहेच! पुढे २०१४ मध्ये दिल्ली डायनामोज, नंतर जमशेदपूरला कोचिंग.

हे आज का सांगतोय? गेल्या महिन्यात आमची अख्खी टीम बंद झाली. सकाळी मेल आला, दुपारी लॅपटॉप जमा. घरी आईला सांगायला दोन दिवस लागले. आता सोमवारी पुण्याला इंटरव्ह्यू आहे.

चला, भेटू पुढच्या भागात.