ऐकायला कोण बसलंय?



मोसम खोऱ्यातल्या या नामपुरात पाण्याचा विषय निघाला की हरणबारी धरणाचं आवर्तन कधी सुटणार, इथेच तो संपतो. अशा गावाने जन्मभर जहाजावर राहिलेल्या माणसाला साहित्य संमेलनाचा अध्यक्ष केलं, त्याबद्दल आभार. अध्यक्षाने वर्षभरातल्या साहित्याचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. बरी पुस्तकं आली, वाईटही आली. यादी कार्यक्रमपत्रिकेच्या मागे छापली आहे. आढावा संपला.

सकाळच्या परिसंवादावर मात्र बोलणार आहे. यंत्र माणसाची जागा घेईल का, असा विषय होता. प्राध्यापक म्हणाले घेईल, कवी म्हणाले यंत्राला काळीज नसतं. दोघंही अंदाजाने बोलत होते. माझी जागा यंत्राने घेतलेली आहे, आणि तीही तारीख जाहीर करून : १ फेब्रुवारी १९९९.

मी जहाजावर रेडिओ ऑफिसर होतो. खलाशी मार्कोनीसाब म्हणायचे. ब्रिजच्या मागे एक खोली, त्यात ट्रान्समीटर, रिसीव्हर, मोर्सची की आणि भिंतीवर एक घड्याळ. त्या घड्याळाच्या तबकडीवर लाल पट्टे रंगवलेले असायचे : पंधरा ते अठरा मिनिटं आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस. काटा त्या पट्ट्यात शिरला की पाचशे किलोहर्ट्झवर जगातल्या सगळ्या जहाजांनी तोंड मिटायचं आणि फक्त ऐकायचं. दर तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटं. बुडणाऱ्याचा क्षीण आवाज गर्दीत हरवू नये, म्हणून. एवढा माणुसकीचा नियम मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिला नाही.

हा शहाणपणा सुखासुखी आला नाही. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडत होती, तेव्हा जवळच ‘कॅलिफोर्नियन’ नावाचं जहाज उभं होतं. त्याच्यावर वायरलेस होतं, पण ऑपरेटर एकटाच. दिवसभराचं काम संपवून तो बिचारा झोपायला गेला होता. लांबच्या ‘कार्पाथिया’चा ऑपरेटर अजून जागा होता, म्हणून सातशेवर माणसं वाचली. त्यातून समुद्रावरच्या सुरक्षेचा १९१४ चा सोलास करार आला आणि जहाजावर कोणीतरी सतत ऐकत असलं पाहिजे, हे कागदावर उतरलं.

आपल्याकडे ते उतरायला वेळ लागला. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ ही प्रवासी बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर वायरलेसच नव्हतं. भर दिवसा, मुंबईच्या तोंडाशी एवढं घडलं आणि मुंबईला ते कळायला कित्येक तास लागले. स्वातंत्र्याला महिना उरला होता. बातमीही लवकरच मागे पडली. कोकणातल्या घरांत अजून तिची आठवण काढतात.

आता प्राध्यापकांना उत्तर. बंगालच्या उपसागरात एका जुन्या मालवाहू जहाजावर होतो. रात्रीची वेळ, वादळ दूर होतं, पण त्याची खरखर कानात भरलेली. लाल पट्ट्यात काटा आला आणि अगदी तळातून काहीतरी टिकटिकलं. आमच्याकडे ऑटो-अलार्म होता, तो गप्प. त्याला चार-चार सेकंदांचे लांब डॅश नीट मापात लागायचे. शिरस्ता असा, की असे बारा पाठवायचे. पाठवणाऱ्याला तेवढं जमत नव्हतं. हात थरथरत होता, अक्षरं तुटत होती, अक्षांशाचा एक आकडा दोन वेळा दोन तऱ्हांनी आला. मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा दिला, मग खाली पूर्ण शांतता. किनाऱ्याच्या स्टेशनला कळवलं, कॅप्टनला उठवलं. आमच्यापेक्षा जवळ असलेल्या एका जहाजाने त्या बुडणाऱ्यांना पहाटे उचललं. त्यांची तोंडंही मी पाहिली नाहीत. यंत्राला नियमात बसणारी हाक हवी होती, आणि मरणारा माणूस नियमात ओरडत नाही. परिसंवादाचा निकाल माझ्यापुरता तिथेच लागला.

मग ती जाहीर तारीख आली आणि जीएमडीएसएस, म्हणजे संकटाच्या संदेशांची जागतिक यंत्रणा, पूर्ण लागू झाली. उपग्रह, आपोआप संकट कळवणारं बटण, पाण्यात पडताच बोलू लागणारा बीकन. यंत्रणा उत्तम आहे, मी तिचा शत्रू नाही. त्या बीकनने अनेकांना वाचवलं आहे. पण नियमात एक मुभा होती : आता वेगळा रेडिओ ऑफिसर ठेवायची सक्ती नाही. मालकांनी बाकीचा नियम वाचला की नाही ठाऊक नाही, मुभा मात्र तोंडपाठ केली. मला एका कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं. पुढे मी इलेक्ट्रिकलची कामं केली, क्रेनच्या मोटारी दुरुस्त केल्या, पोट भरलं. तक्रार पोटाची नाही.

तक्रार ही, की काम संपलं नाही, फक्त माणूस गेला. ते काम सेकंड ऑफिसरच्या गळ्यात पडलं. तोच वॉच करतो, तोच नकाशे सुधारतो, तोच बंदरात मालावर उभा राहतो. नव्या सेटची शिट्टी वाजते ती बहुतेक वेळा खोटीच. कोणाचं तरी बोट चुकून बटणावर गेलेलं. मी ब्रिजवर पाहिलंय : शिट्टी वाजली की पोरगा उठतो, न वाचता बटण दाबतो, परत येऊन बसतो. कोपऱ्यात नॅव्हटेक्सच्या, म्हणजे छापून येणाऱ्या इशाऱ्यांच्या, पट्टीची भेंडोळी साचलेली. आणि टेबलावर विश्रांतीचं रजिस्टर. चोवीस तासांत दहा तास, आठवड्यात सत्त्याहत्तर तास विश्रांती हवी असा नियम. रजिस्टरमध्ये सगळ्यांची झोप एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत पूर्ण झालेली! इन्स्पेक्टर येतो, शिक्का मारतो, चहा पिऊन उतरतो.

तुम्ही म्हणाल, याचा नामपूरशी काय संबंध? तुमचा कांदा न्हावा-शेव्याहून जातो ना? १ जुलै २०१६ पासून, वजनाचा दाखला असल्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढवता येत नाही. तोही सोलासचाच नियम. खोटी वजनं लिहिलेले कंटेनर जहाजं मोडत होते, म्हणून आला. व्यापाऱ्याला ती कटकट वाटते. ज्याच्या डोक्यावर कंटेनरचे सहा-सात थर रचलेले असतात, त्याला विचारा.

नियम आणि यंत्रं असूनही काय होतं, तेही पाहा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात पी-३०५ तराफा बॉम्बे हायजवळ बुडाला. २६१ माणसं होती, सत्तरच्या आसपास गेली. रामदासवर वायरलेस नव्हतं. इथे उपग्रह होते, वादळाचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीच्या वाटेवर ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. परवाना ८४ प्रवाशांचा, बोटीवर शंभरावर माणसं, लाइफ जॅकेटं अंगावर नाहीत. नियम पुस्तकात होता. पुस्तक धक्क्यावरच राहिलं होतं.

कवींनाही एक सांगायचंय. मराठीतला समुद्र बहुतेक वाळूत उभं राहून पाहिलेला आहे. इंजिनरूममधला, रेडिओ रूममधला समुद्र लिहायला आम्ही बोटीवरची माणसंच कमी पडलो, आणि ज्यांनी लिहिलं त्यांना कोणी अध्यक्ष केलं नाही. निदान जुन्या मार्कोनीसाबांच्या आठवणी गोळा कराव्यात असं माझ्या मनात आहे. कसं, कुठे, पैसा कोणाचा, ते पुढे बघू. दोन-तीन जणांशी बोलणं झालंय. एक समिती नेमू म्हणतात; समित्यांचा मला अनुभव आहे, तरी नेमा.

शेवटचं, आणि यावर मी अडून बसणार आहे. ठरावांत माझा एक ठराव घेतलेला आहे : मुंबई बंदरातल्या प्रत्येक प्रवासी बोटीवर तिकीट फाडणारा आणि सुकाणू धरणारा सोडून एक माणूस असावा, ज्याचं काम फक्त माणसं मोजणं, जॅकेटं घालायला लावणं आणि रेडिओ ऐकणं हेच असेल. विषय नियामक समितीत कोणीतरी म्हणालं, समुद्रापासून इतक्या लांबच्या गावाने असा ठराव केला तर लोक हसतील. हसू द्या. सूचक मोसमकाठचा आहे, अनुमोदक मालेगावचा. माईक त्यांच्याकडे देतो.