बेटांवरची वीण



आपल्या अख्ख्या अरबी समुद्रात समुद्रसिंह नाहीत. तरीही आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे, कारण त्यांच्यावर ओढवलेलं संकट आपल्या किनाऱ्यावरही येऊन गेलं आहे.

समुद्रसिंहाचं पोट समुद्रावर चालतं, पण विणीसाठी त्याला जमीन लागते. जमिनीवरच्या शिकाऱ्यांपासून दूर म्हणून तो बहुधा बेटं निवडतो. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं. काही दिवसांनी ती मासे धरायला समुद्रात जाते. परतल्यावर पिल्लांच्या गलक्यात हाक देते, आपल्या पिल्लाचा आवाज ओळखते, वास घेऊन खात्री करते आणि मगच पाजते.

सगळी वीण एका जागी, म्हणून माणसाला शिकार सोपी. जपानी समुद्रसिंह तेलासाठी, कातड्यासाठी मारले गेले. ताकेशिमा बेटावरच्या त्यांच्या कळपाची शेवटची खात्रीची नोंद 1951 सालची. आज ती जातच उरलेली नाही. उलट कॅलिफोर्नियाचे समुद्रसिंह अमेरिकेच्या 1972 च्या कायद्याचं संरक्षण मिळाल्यावर पुन्हा भरभरून वाढले.

आता आपल्याकडे या. सिंधुदुर्गात, वेंगुर्ल्याच्या समोर भर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स हा बेटांचा समूह आहे. तिथे सुरय पक्षी अंडी घालतात आणि गुहेत भारतीय पाकोळी घरटी करते. अंधारात ती टिकटिक आवाज काढून प्रतिध्वनीवर वाट शोधते. कातळाला चिकटलेलं तिचं वाटीएवढं घरटं बरंचसं तिच्याच लाळेचं असतं. या घरट्यांचं सूप परदेशात चढ्या भावानं विकलं जातं, म्हणून चोरटे गुहेत बांबूच्या परांच्या बांधून घरटी खरवडून न्यायचे. अंडी, पिल्लं खाली पडायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं हा प्रकार उजेडात आणला, पाठपुरावा केला आणि या पक्ष्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत स्थान मिळालं.

बेट सुरक्षित असतं ते माणूस तिथे उतरत नाही तोवरच. एकदा तो उतरला की पिल्लांना पळायला जागा नसते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकणात जाल तेव्हा होडीवाल्याला स्पष्ट सांगा, विणीच्या बेटावर आम्हाला उतरवू नका. मुलांना दुर्बीण द्या आणि पक्षी होडीतूनच दाखवा.