काचेवरच्या भेगेची साक्ष



काच कापणारा कारागीर आपण सर्वांनी पाहिला आहे. तो काचेवर हिऱ्याच्या कणीने एक रेघ ओढतो, कडेशी धरून हलकेच दाब देतो, आणि काच त्या रेघेवरून दुभंगते. फोडण्याचे काम खरे म्हणजे काचच करते. कारागीर तिला फक्त वाट आखून देतो. दगडात ओळीने भोके पाडून पाचरा ठोकणारा पाथरवटही हीच विद्या जाणतो. ठिसूळ पदार्थ किती सहज तडकेल हे मोजावे कसे, हा आजचा माझा विषय आहे.

ही उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. वाशीच्या खाडीपुलावरून पलीकडे पाहिले म्हणजे ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. अणुइंधनातून उरणारा तीव्र किरणोत्सर्गी अवशेष आपल्या देशात बोरोसिलिकेट जातीच्या काचेत मुरवून ठेवतात. त्याच अवशेषातून सीझियम-१३७ वेगळे काढून त्याच्या काचेच्या पेन्सिली केल्या जातात. रुग्णाला द्यावयाच्या रक्तावर किरणांचा मारा करणाऱ्या यंत्रांत त्या वापरतात. या यंत्रांचे काम पाहणारे किरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ तर आपल्या वाशीतच आहे.

सीझियम काचेत का घालावयाचे? १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात एका टाकून दिलेल्या उपचारयंत्रातील सीझियम क्लोराइडची भुकटी लोकांच्या हाती लागली. ती अंधारात चमकते म्हणून घरोघर वाटली गेली. चार माणसे दगावली आणि सुमारे अडीचशे लोकांना तिची बाधा झाली. भुकटी उधळते, पाण्यात विरघळते. काच फुटली तरी तिचे तुकडेच राहतात. परंतु काच जितकी अधिक तडकेल तितका तिचा अधिक पृष्ठभाग पाण्याला उघडा पडेल, हेही विसरून चालत नाही. तेव्हा काचेच्या तड्याची चौकशी ही आपल्या उंबरठ्यावरची बाब आहे.

येथे कठीणपणा आणि चिवटपणा यांत गल्लत होऊ देऊ नये. काच साध्या खिळ्याहून कठीण असते, पण हातोडा बसला म्हणजे खिळा वाकतो आणि काच फुटते. याचे कारण ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले. प्रत्येक काचेत बारीक भेगा असतातच. ताण भेगेच्या टोकाशी एकवटतो, आणि भेग वाढवण्यास लागणारी शक्ती मिळाली की ती धावू लागते. भेगेला अडवण्याची पदार्थाची कुवत म्हणजे त्याचा चिवटपणा. त्याच्या मापात साध्या काचेचा आकडा पाऊण एकक, तर बांधकामाच्या पोलादाचा पन्नासच्या वर जातो.

हा आकडा काढण्याची रीतसर पद्धत म्हणजे पदार्थाची पट्टी करून, तिच्यात ठराविक भेग पाडून, ती वाकवून मोडणे. पण पुरेसा मोठा तुकडाच हाती नसेल तर? येथे एक सोपी युक्ती पुढे आली. १९२० च्या दशकात कठीणपणा मोजण्यासाठी व्हिकर्स पद्धत निघाली होती. तिच्यात १३६ अंशांच्या कोनाचा हिऱ्याचा चौकोनी मनोरा पदार्थावर दाबतात. ठिसूळ पदार्थावर उमटलेल्या चौकोनी खळग्याच्या चारही कोपऱ्यांतून भेगा निघतात. पामक्विस्ट या शास्त्रज्ञाने १९५७ साली या भेगांच्या लांबीवरून चिवटपणा जोखण्याचा मार्ग दाखविला. पुढे १९८१ साली अँस्टिस, चांटीकुल, लॉन आणि मार्शल यांनी त्याचे सूत्र मांडले. त्याचा मथितार्थ असा, की भार आठपट केला तर भेग चौपट होते. आणि त्याच भाराखाली ज्याची भेग आखूड, तो चिवट. साध्या काचेवर किलोभर भार दिला तर खळग्याच्या मध्यापासून भेगेचे टोक सुमारे ०.०८ मिलिमीटरवर पोचते. नखाएवढा घोटलेला तुकडा, एक हिरा आणि एक सूक्ष्मदर्शक, एवढ्यावर काम भागते!

परंतु श्रोतेहो, सोपे माप मिळाले म्हणजे त्याच्यावर वाजवीपेक्षा अधिक विश्वास बसतो. भार काढून घेतल्यावरही खळग्याखालचा दबलेला भाग भोवतालच्या काचेला रेटत राहतो. त्यातच हवेतील पाण्याचा अंश भेगेच्या टोकाशी जाऊन काचेचे बंध तोडतो आणि भेग हळूहळू वाढते. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत लगेच मोजलेली आणि तासाभराने मोजलेली भेग एकच असेल, असे समजू नये. शिवाय काही काचा हिऱ्याखाली बाजूला न सरकता आतल्या आत घट्ट होतात, आणि त्यांच्यात भेगा वेगळ्याच आकाराच्या पडतात. सूत्र तर एका विशिष्ट आकाराची भेग गृहीत धरते. क्विन आणि ब्रॅट यांनी २००७ साली स्पष्ट लिहिले, की या पद्धतीने चिवटपणाचा खरा आकडा मिळतो असे मानू नये.

मग पद्धत टाकून द्यावी काय? माझे मत तसे नाही. एकाच प्रयोगशाळेत, एकाच भाराखाली, एकाच वेळी दोन काचांची तुलना करावयाची असेल तर ती उत्तम चाकर आहे. घटकांत फेरफार केला असता काच सुधारली की बिघडली, हे ती चटकन सांगते. परंतु ज्या काचेच्या भरवशावर किरणोत्सर्गी द्रव्य ठेवावयाचे, तिच्याबद्दल लोकांना ग्वाही देताना मात्र रीतसर मोडलेल्या पट्टीचाच आकडा पुढे केला पाहिजे.

न्यायालयात एक साक्षीदार थोडक्यात बोलतो म्हणून कोणी त्याच्या एकट्याच्या शब्दावर निकाल देत नाही. भेगेची साक्ष अवश्य घ्यावी. पण उलटतपासणी झाल्यावाचून ती मान्य करू नये. आकडा कोणी पुढे ठेवला तर तो कसा मोजला, हे विचारण्याचा हक्क खाडीच्या या तीरावर राहणाऱ्या आपणा सर्वांना आहे, आणि तो आपण बजावला पाहिजे.